गल्लीतलं ऊन

नवा कॅमेरा किंवा जरा बरा मोबाइल हाती आला, की जयसिंगपूरचा पोरगा पहिल्याच रविवारी गाव सोडतो. गाडीवर मागं मित्र, पाठीला बॅग, शिरोळवरून नरसोबाची वाडी, तिथून कुरुंदवाड, पुढं खिद्रापूर. पुढच्या रविवारी पन्हाळा, त्याच्या पुढच्या रविवारी जोतिबा. महिन्याभरात कार्ड भरतं. घाटाच्या पायऱ्या, तटबंदी, मावळता सूर्य आणि सूर्यासमोर उड्या मारणारे मित्र. सगळे फोटो बरे असतात आणि एकही लक्षात राहत नाही. मग कुणीतरी सांगतं, अरे, तुझी लेन्स कंपनीतनं आलेली साधी आहे, पन्नास एमएमची घे. पन्नासची येते. तिनं चेहऱ्यामागचं सगळं धूसर होतं, मित्र खूश होतात, आणि दोन महिन्यांनी तोच कंटाळा नव्या लेन्समधून दिसायला लागतो.

लेन्सचा त्यात दोष नसतो. पोरगा जागा गोळा करत असतो. फोटो मात्र जागेचा निघत नाही, त्या घटकेला तिथं पडलेल्या उजेडाचा निघतो. उजेड ओळखायचा तर एकाच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा जाता येईल अशी जागा म्हणजे आपली गल्ली. पन्हाळ्यावर माणूस वर्षातून दोनदा जाईल. गल्लीतून रोज चारदा जातो.

या बाबतीत जयसिंगपूरकरांचं नशीब चांगलं. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ही पेठ वसवली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तंबाखू, गूळ, शेंगा यांचा व्यापार आणि शेजारून जाणारी कोल्हापूर-मिरज रेल्वे. आसपासची गावं नदीच्या आणि वाड्यांच्या कलानं वाकडीतिकडी वाढली, हे गाव आधी आखलं गेलं आणि मग वसलं. रुंद सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांना नंबर. पोस्टमनची सोय झालीच, पण फोटो शिकणाऱ्याचीही झाली. जुन्या गावाच्या बोळात ऊन कुठून येईल आणि कुठं अडेल याचा भरवसा नसतो. सरळ गल्लीत ते हिशेबानं सरकतं. सकाळी एका बाजूच्या ओट्यांवर, दुपारनंतर समोरच्या. आणि जिथं आडवी गल्ली येऊन मिळते तिथं दोन घरांच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा रस्त्यावर आडवा पडतो. त्याच्या अलीकडं सावली, पलीकडंही सावली.

नवशिक्यानं आधी हा पट्टा धरावा. सावलीत उभं राहायचं, कॅमेरा उन्हाच्या पट्ट्याच्या हिशेबानं लावून ठेवायचा आणि थांबायचं. मोबाइल असेल तर उजळ भागावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच थांबतात, मग बोट जरा खाली ओढून चित्र थोडं काळं करायचं. सायकलवर दुधाचे कॅन अडकवलेला माणूस येतो, भाजीची गाडी येते, शाळेची रिक्षा येते. प्रत्येक जण सावलीतून निघून दोन-तीन पावलं उन्हात चमकतो आणि पुन्हा सावलीत जातो. बटण त्या दोन-तीन पावलांत दाबायचं. पहिले फोटो उशिरा दाबल्याचे निघतात, नुसती पाठ येते. मग लवकर दाबल्याचे निघतात. आठवडाभरात हाताला अंदाज येतो, आणि बिघडलेल्या फोटोसाठी पेट्रोल जळलेलं नसतं.

फोटोवाले ‘सकाळ-संध्याकाळचं ऊन चांगलं’ असं सांगतात ते खरं आहे, पण अर्धं. आपण साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहोत. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायात जाते. अशा वेळी माणसाचा फोटो काढला तर कपाळ आणि नाक उजळतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्याच गल्लीत डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य जेमतेम पन्नास अंशांवर असतो, तिरपा. म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दुपारी बारा वाजतासुद्धा फोटो काढता येतो. इंग्रजी पुस्तकातला आणि यूट्यूबवरचा सल्ला लंडन-न्यूयॉर्कच्या सूर्याचा असतो. आपल्या सूर्याचं टाचण आपणच ठेवलेलं बरं.

एकच जागा धरून बसण्याची ही खोड कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. जागा त्याच, बदलत गेला तो प्रहर आणि पाण्यावरचा रंग. आणि दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर प्रत्येक नवशिक्यानं ऐकावी. फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ काढून बसलेले. 1912 साली लंडनहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन ते परतले तेव्हा हाती पैसा नव्हता. भांडवल देणाऱ्याला पटेल असं काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी ना गड निवडला, ना राजवाडा. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा हलणार नाही असा ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. पडद्यावर बी रुजलं, कोंब वर आला आणि मिनिटाभरात वेल झाला. त्या कुंडीतून ‘राजा हरिश्चंद्र’चं भांडवल उभं राहिलं. एकच वस्तू, एकच कोन, बदलतो तो फक्त दिवस: आज कुणी फोटोचा वर्ग काढला तर पहिला गृहपाठ म्हणून हाच द्यावा.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ बघून कोल्हापुरात नात्यातले दोन भाऊ बेचैन झाले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारी ही माणसं, हातात कॅमेरा नाही आणि विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून कॅमेराच बनवायला बसली. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून काम तडीला नेलं, 1917 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ लोकांपुढं आणली. झडप, दाते, फिल्म ओढणारी चाकं असं सगळं स्वतः कातून बसवलेल्या माणसाला कॅमेऱ्यात काय चालतं हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. आज कॅमेरा उघडून बघायची सोय राहिलेली नाही. निदान त्याची ऑटोची चकती फिरवून बंद करण्याची हिंमत तरी करावी.

ऑटो बंद केल्यावर काय होतं ते शिकायला मात्र खिद्रापूरला जावं. माझा विरोध खिद्रापूरला नाही, तिथं वीस मिनिटं थांबून परतण्याला आहे. कोपेश्वराचं मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळचं. पुढचा स्वर्गमंडप वरून उघडा आहे. छताच्या मधोमध मोठं वर्तुळ मोकळं, त्याखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा, भोवती बारा खांबांचं रिंगण आणि त्यामागं आणखी खांब. दुपारी वरून उन्हाचा झोत शिळेवर किंवा खांबांवर उतरतो, कडेचे खांब अंधारात राहतात. डोळ्याला दोन्ही नीट दिसतं. कॅमेऱ्याला दिसत नाही.

ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही, तिथं उभं राहून पाच मिनिटांत पटते. शिळेवर बोट ठेवून फोटो काढला की खांब काळे ठिक्कर. खांबावर बोट ठेवलं की शिळा आणि आभाळ पांढरंफेक, इथले फोटोवाले ज्याला ‘बर्न झाला’ म्हणतात तसं. कॅमेरा बिचारा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो, आणि इथं मध्यम असं काही नाहीच. मग ठरवावं लागतं: आपल्याला शिळा हवी की खांबावरचं कोरीव काम? मोबाइल अशा वेळी तीन-चार फोटो एकात मिसळून दोन्ही दाखवतो. त्यात सगळं दिसतं खरं, पण झोत पडल्यासारखा वाटत नाही. तो मंडप बांधणाऱ्यानं अंधार मुद्दाम ठेवला होता. आपण तो का घालवावा? काळा भाग काळा ठेवायची ज्याला भीती वाटेनाशी झाली, त्याची निम्मी फोटोग्राफी झाली, असं माझं मत.

मंदिर संरक्षित स्मारक आहे, स्टँड लावायचा तर आधी परवानगीचं विचारून घ्यावं. पण स्टँडशिवायचा धडाही कामाचा आहे. लेन्स पन्नासची असेल तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा हळू झडप हातात धरून चालवू नये, दोनशेची असेल तर दोनशेव्या भागापेक्षा, असा जुना आडाखा. नव्या कॅमेऱ्यांत हाताचा हलका कंप सांभाळून घेणारी यंत्रणा असते, तरी खांबाला पाठ टेकावी, कोपर पोटाशी धरावं आणि श्वास सोडता सोडता बटण दाबावं. दगडी खांब हा फुकटचा स्टँड आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या आसपास या वर्तुळावर चंद्र येतो म्हणून अलीकडं तिथं गर्दी होते. त्यामागचं गणित सोपं आहे. कार्तिकात सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर, म्हणजे तेवढाच उत्तरेला. खिद्रापूरचा अक्षांशही जवळपास तेवढाच. म्हणून तो रात्री माथ्यावर येतो. दरवर्षी ठरलेल्या एकाच बिंदूवर मात्र येत नाही, काही अंश इकडंतिकडं होतं. चंद्राचे फोटो जवळजवळ सगळ्यांचे फसतात, पांढरा ठिपका येतो. कारण आपण रात्र म्हणून कॅमेऱ्याला भरपूर उजेड घ्यायला सांगतो आणि चंद्रावर मात्र लख्ख ऊन पडलेलं असतं. दिवसाचा जुना नियम असा: रखरखीत उन्हात छिद्र एफ 16 ठेवलं तर आयएसओ शंभरला झडप शंभराव्या भागाची. चंद्राला एफ 11, बाकी तेच. म्हणजे चंद्राचा फोटो जवळपास दुपारचाच. त्यात मंडपाचे खांब येणार नाहीत, त्यांना कित्येक सेकंद लागतील. काही महागडे मोबाइल चंद्र ओळखून त्यावरचे डाग स्वतःच भरतात. 2023 मध्ये सॅमसंगच्या फोनवरून यावर जगभर चर्चा झाली, मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रातही फोननं बारकावे घातले होते. असा चंद्र काढायचा तर खिद्रापूरपर्यंत जायचं कशाला?

माणसांचे फोटो हा वेगळाच प्रांत. कॅमेरा समोर आला की आपल्याकडची माणसं ताठ होतात, हात मांडीला लावतात, हसू आवरतात. यावर उपाय म्हणून नवशिका लांबून झूम लावतो. साध्या मोबाइलवर बोटांनी चित्र मोठं करणं म्हणजे झूम नव्हे, ते नुसतं मधला तुकडा कापणं आहे, आणि असा फोटो फुटतो. त्यापेक्षा घरातनं सुरुवात करावी. कोल्हापुरी घराचा सोपा हा तयार स्टुडिओ आहे. आजीला उंबऱ्याच्या आत एक पाऊल, रस्त्याकडं तोंड करून बसवा. बाहेरचा पसरलेला उजेड चेहऱ्यावर मऊ येतो, पाठीमागचं घर काळोखात जातं, आणि नऊवारीचा काठ, हातावरचं गोंदण, कपाळावरची आठी न सजवता उठून दिसते. मग तिला दोन पावलं आत सरकायला सांगा, चेहरा जरा गडद होईल. थोडं तिरकं बसवा, नाकाची सावली गालावर उतरेल. एका दुपारच्या या तीन फोटोंत जे कळतं ते महिन्याच्या रीलांमध्ये कळत नाही. आजी ‘पुरे की आता, जेवायचं नाही व्हय?’ म्हणेपर्यंत काढत राहावं. बरेचदा त्या वाक्याच्या वेळचाच फोटो चांगला निघतो.

घराबाहेर पडलं की धिटाई लागते, आणि ती मिळवण्याचा जुना मार्ग म्हणजे लग्नात लाइट धरायला जाणं. गावोगावच्या फोटो स्टुडिओंमधून कित्येक जण असेच शिकले. आधी बॅगा उचलायच्या, मग लाइट धरायची, मग दुसऱ्या कॅमेऱ्यानं ‘असेच काही’ काढायचे, मग कधीतरी अक्षतांच्या वेळी मुख्य माणसाची बॅटरी संपते आणि पोरगा पुढं होतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीतही हीच रीत होती. शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा तिथं पडेल ते काम करत शिकला आणि पुढं व्ही. शांताराम झाला. लग्नातल्या फोटोग्राफीला नाक मुरडणारे नवे कलावंत मला समजत नाहीत. मांडवात पिवळे बल्ब, निळा एलईडी पडदा आणि दारातून येणारं पांढरं ऊन असे तीन रंगांचे उजेड एकाच नवरीच्या चेहऱ्यावर पडलेले असतात, आणि मंगळाष्टकं कुणासाठी थांबत नाहीत. यापेक्षा कठीण परीक्षा कुठली?

गर्दीत काम करायची सवय लागली की जयसिंगपूरचीच मोठी गर्दी समोर आहे. विक्रमसिंह क्रीडांगणावर दसरा-दिवाळीच्या सुमारास स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. नवशिके व्यासपीठापुढं रेटारेटी करतात आणि माइकच्या मागं अर्धा लपलेला संघटनेचे नेते राजू शेट्टींचा चेहरा घेऊन येतात. तो फोटो पेपरवाल्यांकडं जास्त चांगला असतो. आपण मैदानात मांडी घालून बसावं. उसाचा दर जाहीर व्हायची वाट बघणारी माणसं, उन्हाला आडवा धरलेला टॉवेल, मोबाइलवर घरी बोलणारा तरुण, कानाला हात लावून ऐकणारा म्हातारा. बसलेल्या माणसाचा फोटो बसून काढला की तो बरोबरीचा होतो. उभ्यानं काढला की वरून बघितल्यासारखा येतो. कॅमेऱ्याची उंची ही तांत्रिक बाब आहे असं मला कधी वाटलं नाही.

संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांचे फोटो काढले, त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांचं काम आणि घर दोन्ही टिपलं, 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांच्या कामात दिसतं ते हेच, की माणूस कॅमेऱ्याकडं बघून ताठ झालेला नाही. असे फोटो एका रविवारी जाऊन येत नाहीत.

रंगाचा धडा घ्यायचा तर हातकणंगले तालुक्यातली पट्टणकोडोलीची यात्रा. दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, माणसं, घोंगडी, ढोल, रस्ता, सगळं पिवळं. कॅमेरा ऑटोवर असेल तर त्याला हा पिवळा रंग चूक वाटतो. उजेडच पिवळा आहे असं समजून तो त्यात निळा मिसळतो आणि हळद फिकट पडते. व्हाइट बॅलन्सवर उन्हाचं चिन्ह असतं ते लावून टाकावं, म्हणजे पिवळं पिवळंच राहतं. लेन्सला साधी पिशवी रबराच्या बँडनं गुंडाळावी आणि तिथं लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नये. आत गेलेला भंडारा कॅमेऱ्याला प्रसाद म्हणून चालत नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की मात्र मी सांगेन, सगळं सोडा आणि पहाटे एखादं गुऱ्हाळ गाठा. शिरोळच्या बाजूला उसाच्या फडाकडेला अजून गुऱ्हाळं धडधडतात. चुलवाणात चिपाडं सरकवणारा जळव्या, काहिलीवर वाकलेला गुळव्या, आणि दोघांच्या मधून उठणारी वाफ. आधी कॅमेरा बाहेर काढूच नये. रस घ्यावा, राम राम घालावा, कुठल्या गल्लीतला, कुणाचा कोण ते सांगून टाकावं. मग ‘मामा, दोन फोटो काढू का?’ म्हटलं की बहुधा कुणी नाही म्हणत नाही. वाफेत लेन्स नेली की भिंगावर दव धरतं, थोडा वेळ शेडमध्ये नुसता कॅमेरा उघडा ठेवला की थांबतं.

सूर्य वर यायच्या सुमारास पत्र्याच्या फटींतून कवडसे येतात. वाफ समोरून बघितली तर नुसती करडी दिसते. सूर्य वाफेच्या पलीकडं राहील असं आपण फिरून उभं राहिलो की तिचे लोट पेटल्यासारखे उजळतात आणि माणसाच्या कडेनं एक उजळ रेघ येते. कॅमेरा एवढी पांढरी वाफ बघून घाबरतो आणि चित्र काळवंडतो, म्हणून उजेड एक घर वाढवून घ्यावा. घाई मात्र पाक उतरवताना करावी. गुळव्या थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का बघतो, मान हलवतो, आणि मग चार जण काहील आडवी करतात. पाक वाफ्यात ओतला जातो ते काही क्षण. दुसरी संधी पुढच्या काहिलीला, म्हणजे दोन-तीन तासांनी. तोवर घाण्याचे, चिपाडांच्या ढिगाचे, रव्यांच्या रांगेचे फोटो काढत बसावं. सरावाला एवढी चांगली सक्ती नाही.

आणि फोटो कागदावर काढून परत नेऊन द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि दहा शुभेच्छांखाली गाडला जातो. एका गुऱ्हाळावर असा फोटो नेऊन दिला तेव्हा मी सोबत होतो. काढणाऱ्यानं जीव तोडून काढलेला, वाफ, कवडसा, वाकलेली पाठ, सगळं जमलेलं, वर मोबाइलमध्ये जरा ‘वॉर्म’ करून आणलेला. गुळव्यानं हात पुसून फोटो घेतला, स्वतःच्या चेहऱ्याकडं नजरसुद्धा टाकली नाही. वाफ्यातल्या गुळावर बोट ठेवून म्हणाला, गूळ तांबडा दिसतोय, आमचा पिवळा असतोय, असा गूळ बाजारात नेला तर दर पडंल. मग रव्यातला एक खडा तोडून त्यानं पोराच्या हातावर ठेवला आणि रंग बघून घे म्हणाला. पोरगा तो खडा रुमालात बांधून घेऊन गेला आणि पडद्याशेजारी ठेवून फोटोचा रंग पुन्हा लावायला बसला.